डाव्या अंगाचं इंजिन

चेन रॉकेलात बुडवून ब्रशने घासत होतो, तेव्हा दातेरी चक्राच्या खोबणीत काहीतरी पांढुरकं अडकलेलं दिसलं. मला वाटलं, भाताचं फोलपट असेल. रविवारी पटाच्या बांधीत, म्हणजे शर्यतीच्या भातखाचरात, तेच उडत होतं, नाकातोंडात तेच गेलं होतं. खिळ्याने टोकरून काढलं आणि तळहातावर घेतलं, तर ते नख होतं. पुरतं नव्हतं, अर्ध्याहून थोडं जास्त. वरचा भाग बिडीच्या धुराने हळदीसारखा पिवळा झालेला, खालच्या कडेला काळं वाळलेलं रक्त. ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या बापाच्या डाव्या हाताचं नख. बिडी तो डाव्याच हातात धरायचा, दोन बोटांच्या बेचक्यात. ती दोन्ही बोटं आता नव्हती. नखाचं काय करायचं ते मला कळेना. केरात टाकवेना, ठेववेना. शेवटी खिशातली काड्यापेटी रिकामी केली, त्यात ते ठेवलं आणि पेटी परत खिशात टाकली. तेवढ्यात चहा आला. मी तसाच, हात न धुता, कप उचलला आणि चहा प्यायलो. अर्धा कप संपल्यावर लक्षात आलं. मग उरलेलाही पिऊन टाकला. मला माझी जेवढी घाण वाटायची तेवढी रविवारपासून वाटूनच झाली होती, अर्ध्या कपाने त्यात काय भर पडणार होती.

समोर ती गाडी उभी होती. उभी कसली, बसली होती. माझ्या गुडघ्याएवढी उंची, चार लहान चाकं, पाण्याच्या पाइपांचा सांगाडा, मध्ये एक पत्र्याची बैठक आणि बैठकीच्या मागे दोन्ही अंगांना एकेक इंजिन. चांद्यात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं, आणि मीही फक्त चित्रात पाहिलं होतं. गुणवंतराव म्हणजे आमचे मालक. मूल गावाच्या रस्त्यावर त्यांची लाकूड कापायची आरामशीन, जंगलाचे ठेके, आणि मी त्यांच्याकडे नऊ वर्षं फिटर. त्यांनी एका लिलावात दोन पेट्रोलच्या आऱ्या उचलल्या होत्या, परदेशी, साग पाडायच्या. जंगलातल्या मजुरांनी त्या एक दिवस चालवल्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कुऱ्हाडी घेऊन कामावर आले. हातात धरलेली वस्तू आपल्यावरच ओरडते हे काही त्यांना पटलं नाही. वर्षभर आऱ्या धूळ खात पडल्या. मग एकोणसाठच्या दिवाळीत मालकांचा नागपूरचा पुतण्या एक विलायती मासिक घेऊन आला. त्यात अशीच एक बुटकी गाडी होती. आरीची दोन इंजिनं लावलेली, आणि तिच्यावर एक गोरा माणूस जमिनीपासून वीतभर वर ढुंगण टेकून बसलेला. हे बनते काय, उमा, असं गुणवंतरावांनी मला विचारलं. मी म्हटलं, बनते. चित्र नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. फिटर माणसाला बनत नाही असं म्हणता येत नाही, तिथेच त्याची अब्रू अडकलेली असते.

बनवताना मी सुखी होतो, हे सांगितलंच पाहिजे. पाइपात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद करायची, भट्टीत लाल करायचा आणि झाडाच्या बुंध्याभोवती हळूहळू वाकवायचा. वाळू असली की पाइप चेपत नाही. वाकतो पण पोट आत जात नाही. लोखंडाचं हे मला लहानपणापासून आवडतं. लोखंड तापतं, वाकतं, थंड होतं, पण लाळ गाळत नाही. त्याला डोळे नसतात. गावाकडे आमच्या घरात जे काही चालायचं, ते जिवंत होतं, ओलं होतं आणि वास मारायचं. म्हणून मी चौदाव्या वर्षी चांद्याला पळून आलो आणि लोखंडाला हात लावला.

बापाचं नाव मुखरू. पोंभुर्ण्याच्या अंगाला पंचवीस गावांत हे नाव माहीत होतं, कारण शंकरपटात त्याच्यासारखा धुरकरी नव्हता. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत बैलांच्या शर्यती व्हायच्या. हलका छकडा, त्याला बैलांची जोडी, आणि छकड्यावर उकिडवा बसलेला माझा बाप, अंगाने काटकुळा, डोळे बारीक केलेले. जोडीत एक बैल नेहमी मागे पडतो. जो मागे पडेल त्यालाच टोचायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा बापाचा धर्म. उजव्या हातात तुतारी, म्हणजे टोचायची काठी, तिच्या टोकाला खिळा. आणि तुतारीनेही बैल उठला नाही तर डावा हात शेपटीवर. शेपटी पिळायची. पिळूनही नाही तर चावायची. मी आठ वर्षांचा होतो. त्या वर्षी आमची डोमा-पाखऱ्याची जोडी पहिली आली. डोमा डाव्या अंगाचा, जरा सुस्त. लोकांनी बापाला खांद्यावर उचललं, मग खाली ठेवलं, आणि तो माझ्याकडे आला. हसत होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात रक्त होतं आणि दातांत डोम्याच्या शेपटीचे केस. तो बाजूला थुंकला, डाव्या हाताने तोंड पुसलं, त्याच हाताने बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढला आणि माझ्या तोंडात घातला. गूळ खारट लागला. मी तिथेच ओकलो, सगळ्यांसमोर. लोक हसले. बाप हसला नाही. माझ्या तोंडावरून त्याने पाणी फिरवलं आणि नंतर घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्याला वाटलं असेल, ह्या पोराला आपला गूळ पचत नाही. त्याचं खरंच होतं.

म्हातारा झाल्यावर, बैल गेल्यावर, तो माझ्याकडे चांद्याला राहायला आला. पाच वर्षं तो खाटेवर बसून होता. माझी बायको गिरजा त्याला वेळेवर भात वाढायची आणि तो वेळेवर खायचा. बोलायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. संक्रांत जवळ आली की तो पायाने खाटेचा दोर चाळवत राही. मला त्याची दया यायची आणि दयेच्या खाली ती जुनी शिसारीही असायची, तळाला बसलेल्या गाळासारखी. त्याने डाव्या हाताने भाकरी मोडली तरी माझी नजर तिकडे जायची.

गाडी उभी झाली तेव्हा प्रश्न आला की चालवणार कोण. माणूस हलका पाहिजे होता. गुणवंतरावांना ती पुढच्या पटात लोकांना दाखवायची होती, बैलांच्या शर्यती संपल्या की शेवटी एकटी पळवायची, घड्याळ लावून. बैलांपेक्षा कमी वेळात गेली पाहिजे, एवढी त्यांची हौस. पुतण्या खाऊन-पिऊन सुखी होता, तो बसला की सांगाडा जमिनीला टेकायचा. बाप त्या दिवशी माझा डबा घेऊन आरामशिनीवर आला होता. गुणवंतरावांनी त्याला जळाऊ लाकडाच्या काट्यावर उभं केलं. सव्वा मण. सगळे हसले. बापही हसला, आणि त्याचं ते हसू मी तीस-पस्तीस वर्षांनी पाहत होतो. मी त्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बा, पायानं दाबायची आहे, ते तुला जमणार नाही. चित्रातल्यासारखा मी एकच पायडल केला होता, तो दाबला की दोन्ही इंजिनांना सारखं पेट्रोल. बापाने बसून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. दोन बैलांना एकच तुतारी कशी काय, असं त्याने विचारलं. एक सुस्त निघाला तर काय करायचं? गुणवंतरावांना ते फारच आवडलं. आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं. दोन आऱ्या एकाच कारखान्याच्या असल्या तरी एक वर्षभर ओल्या भिंतीशी पडून होती, तिचा दम कमी होता. मी पायडल काढून टाकला. दोन दांडे बसवले, एकेका हाताला एकेक, डावा डाव्या इंजिनाचा, उजवा उजव्याचा. प्रत्येक इंजिन आपल्या बाजूचं चाक फिरवणार. पुढची चाकं पायांनी वळवायची, छकड्याच्या धुऱ्यावर पाय देतात तशी. ते मासिक काढणारा कुणी पाहता तर कपाळावर हात मारून घेता. पण बाप त्यावर बसला आणि आरामशिनीच्या मागच्या मैदानात त्याने ती अशी फिरवली की लाकूड उचलणारे मजूर ओंडका खांद्यावर तसाच धरून पाहत राहिले. दमदार इंजिनाला तो पाखऱ्या म्हणायला लागला आणि डाव्याला डोमा.

चाचणीच्या दुसऱ्याच फेरीत मला दिसलं. डावं इंजिन जरा अडखळलं, आणि बापाचा डावा हात दांडा सोडून मागे गेला. इंजिनाच्या कवचावर त्याने दोन थापा मारल्या, तोंडाने हो हो म्हणत. इंजिन मागे आहे हे त्याच्या हाताला शिकवावं लागलं नाही. हात आपोआप शिकला. थापेच्या जागेपासून चेन चार बोटांवर होती. मी त्याला ओरडलो, इंजिन तापलेलं असतं, भाजशील. हात चेनीत जाईल, असं म्हणालो नाही. ते शब्द तोंडातून काढायची मला किळस आली. त्याऐवजी मी पत्र्याची दोन आच्छादनं कापली, चेनींवर बसवली, चार-चार स्क्रूंनी आवळली. ती कशासाठी बसवली हे मला एकट्यालाच माहीत होतं, असं मी समजत होतो.

रविवारी बांधीत हजारेक लोक होते. ऊन, धूळ, बैलांच्या मुताचा वास, भज्यांच्या तेलाचा वास. पहिल्यांदा बैल पळाले. मी जोड्यांकडे पाठ करून बसलो. आमची गाडी सुरू करून पाहिली तेव्हा पत्रे खडखडले. गुणवंतराव म्हणाले की डबडं वाजवल्यासारखं वाजते, आणि लोकांना चेन फिरताना दिसली पाहिजे, तीच तर गंमत आहे. पत्रे काढ.  मी पेचकस घेतला आणि आठ स्क्रू काढले. उजवीकडचे चार, मग डावीकडचे चार. डावीकडचा शेवटचा स्क्रू जरा घट्ट होता, त्याला मी जोर लावला. मला आज प्रत्येक स्क्रू आठवतो. मालक बोलले म्हणून काढले हे खोटं आहे. मी म्हणालो असतो की भाऊ, बापाचा हात मागे जातो, तर ते एका मिनिटात कबूल झाले असते, माणूस वाईट नाही. पण मग मला हजार लोकांत सांगावं लागलं असतं की माझा बाप शेपटी शोधतो. त्याची मला लाज वाटली. आणि दुसरं असं की पत्रे काढल्यावर गाडी खरंच सुंदर दिसत होती. उघड्या चेनी तेलाने चमकत होत्या.

मी शेवटच्या खुंटाजवळ घड्याळ घेऊन उभा होतो. निशाण पडलं. दोन्ही इंजिनं एकदम ओरडली, गाडी निघाली आणि धुळीतून बापाचं डोकं तेवढं दिसत होतं, पांढरा पटका बांधलेलं. अर्ध्या अंतरावर डाव्या इंजिनाने दम सोडला. हवेच्या जाळीत काड अडकलं होतं, ते नंतर कळलं. गाडी डावीकडे, लोकांच्या अंगावर ओढली जायला लागली. बापाने पायांनी ती सरळ धरली. मग त्याचा डावा हात मागे गेला. मला दिसला. गाडीला एक हिसका बसला, डावं चाक जाम झालं, पण पाखऱ्याच्या जोरावर ती तशीच फरपटत, पायांनी सांभाळलेली, रेघेवरून गेली. लोक किंचाळत होते आनंदाने. बाप बसलेलाच होता, डावा हात धोतरात गुंडाळून. लोकांनी त्याला उचललं. गुणवंतरावांनी हार घातला. झेंडूच्या हारावर लाल डाग पसरत होते आणि लोकांना वाटलं गुलाल आहे. बाप हसत होता. आणि मी? मी त्याच्याकडे धावलो का? मी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं. किती सेकंद झाले ते पाहिलं, बैलांपेक्षा एक सेकंद जास्त लागला होता ते पाहिलं, डावं इंजिन टिकलं असतं तर चार सेकंदांनी जिंकलो असतो हा हिशोब मनात केला, आणि मग धावलो.

त्यानंतर तीन दिवस बाप दवाखान्यात होता. डॉक्टरांनी पेरं नीट शिवली. गिरजा रोज तिथे पेज घेऊन जायची. मी एकदा गेलो, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि परत आलो. घरी ताटावर बसलो की गिरजा म्हणायची, “तुमच्या हाताले वास येऊन राह्यला.” मी साबणाने धुतले, राखेने धुतले, रॉकेलने धुतले. तिला कसला वास येतो ते मी विचारलं नाही. गुणवंतराव दोनदा घरी येऊन गेले, बापाच्या औषधपाण्याचं सगळं त्यांनीच केलं. पण काल जाता जाता म्हणाले की चामोर्शीकडच्या पटाला बारा दिवस आहेत, गाडी तयार ठेव, म्हातारा नसेल तर आपला लच्छू बसेल. लच्छू आमच्याकडे भुसा भरतो, तोही हलकाच आहे. मी मान हलवली आणि मनात ठरवलं, उद्या सकाळी ही गाडी मोडायची. इंजिनं काढायची, आऱ्या परत आऱ्या करायच्या, सांगाडा कापून भंगारात टाकायचा. मालकांना सांगायचं की बनत नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा सांगायचं. म्हणून आज मी आलो होतो. मग चेन रॉकेलात कशाला घातली? जी वस्तू मोडायची ती कुणी धुतं का? हवेची जाळीही मी सकाळी साफ केली होती, फुंकर मारून, उजेडाकडे धरून. माझे हात काय करत होते ते मला नख सापडेपर्यंत कळलंच नाही.

दुपारी बाप चालत आला. उन्हातून, डाव्या हाताला पांढरं बोंडकं बांधलेलं, ते छातीशी धरून. ओंडक्यावर बसला. गाडीकडे बराच वेळ पाहिलं. मग उजव्या हाताने कानावरची बिडी काढली, ओठांत धरली, अवघडल्यासारखी, आणि काड्यापेटी मागितली. मी खिशातली पेटी काढून दिली. दिल्यावर आठवलं, आत काय आहे ते. त्याने ती मांडीवर ठेवून एका हाताने उघडली. आत पाहिलं. बिडी तोंडात तशीच.

“हे कुठी सापडलं?”

“चेनीत.”

त्याने नख उचललं, उजेडात धरलं, कुणा दुसऱ्याचं असावं तसं पाहिलं, आणि भुशात टाकून दिलं. मी पेचकस खाली ठेवला. आता बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही, असं वाटलं.

“बा, पत्रा मीच काढला. तुझा हात मागं जाते हे मले माहीत होतं.”

“मलेबी दिसलं ना. मी तिथीच बसून होतो.”

“मंग बोलला काऊन नाई?”

त्याने बिडी तोंडातून काढली. “पत्रा असता त हात पोचला नसता, उमा. मी म्हणलं, पोरानं समजून काढला.”

 तो आपल्या बोंडक्याकडे पाहत म्हणाला की हात लागला तसा डोमा उठला, अंगात हिसका आला ना, तो डोम्याचाच. नाहीतर रेघ पार झालीच नसती. हिसका चाक जाम झाल्याचा होता. डावं इंजिन त्याच्या बोटांवर अडून तिथेच मेलं होतं. मला ते सांगता आलं असतं. मी फिटर आहे, मला इंजिन कळतं. पण त्याच्या तोंडावर पाच वर्षांत नव्हतं ते काहीतरी होतं, आणि ते नाहीसं करायची माझ्यात हिंमत नव्हती, किंवा दया होती, किंवा दोन्ही नव्हतं आणि मलाही गाडी पळायला हवी होती. मी स्वतःला इतकं ओळखतो की ह्यातलं शेवटचं मला खरं वाटतं.

“लच्छू नको,” तो म्हणाला. मालकांचं बोलणं गिरजाकडून त्याच्या कानावर गेलं असावं. “त्याले पाखऱ्याच मारता येते. सुस्त बैल त्याले उमजत नाई. मी बसतो. डावा दांडा तेवढा जाड करून दे, बारीक धरता येणार नाई आता.”

आणि त्याने हात पुढे केला. पट्टीतून अंगठा बाहेर होता आणि शेवटची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं. मध्ये कापसाचा गोळा. औषधाचा वास, त्याखाली दुसरा वास. त्याने अंगठा आणि ती दोन बोटं हळूच वाकवली, जणू दांडा धरलाय अशी, आणि थांबला. दुखत असणार, कारण त्याच्या कपाळावर घाम आला. मी मोडायला आलो होतो. भिंतीवर माप घ्यायचा कंपास टांगलेला होता, तो मी काढला. त्याची टोकं बापाच्या अंगठ्यापासून बोटांपर्यंत हलकेच नेली, पट्टीला धक्का लागू न देता. सव्वा इंच. खडूने फळीवर लिहून ठेवलं. त्याखाली, सवयीने, आठ स्क्रू असंही लिहिलं, आणि मग ते पुसायला हात नेला आणि नेला तसा मागे घेतला. पत्रे बसवायचे की नाही हे मी त्याला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

तो उठला. बंडीच्या खिशात उजवा हात घालून काहीतरी चाचपडत राहिला. गुळाचा खडा निघाला, कागदात गुंडाळलेला, गिरजाने दवाखान्यात दिलेल्या पेजेबरोबरचा असावा. कागद त्याला एका हाताने सोडवता येईना. मग त्याने तो दातात धरून ओढला, ओठांनी बाजूला केला, आणि खडा माझ्या तोंडापाशी आणला. मी बेचाळीस वर्षांचा माणूस. भुसा भरणारा लच्छू बघत होता. मी तोंड उघडलं. गुळाला बिडीचा, औषधाचा आणि बापाच्या थुंकीचा वास होता. मी तो जिभेवर घोळवला, चावला आणि गिळला. गोड होता.